जोड कोणी लावली होती?

या वेळचा लेख लिंबागणेशहून लिहितोय. ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : बीडहून सोलापूरकडे निघालात की मांजरसुंब्याचा घाट लागतो. वर आलात की पाटोद्याच्या रस्त्याला वळायचं, थोड्याच वेळात आमचं गाव. भालचंद्र गणपतीचं जुनं देऊळ, आजूबाजूला बालाघाटाचे डोंगर, आणि माघात-भाद्रपदात गर्दी. एरवी निवांत. पुण्याहून जामखेड-पाटोदा मार्गे आलो, चार दिवसांची सुट्टी टाकून. मॅनेजरला कारण सांगितलं, "घरचं काम आहे." घरचं काम काही नव्हतं. मला पुण्यात बसवत नव्हतं, एवढंच.

झालं असं की तीन आठवड्यांपूर्वी एका शर्यतीत माझ्यामुळे एक माणूस पडला. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. आणि मी सहावा आलो.

या ब्लॉगवर सायकलबद्दल मी बरंच लिहिलंय, त्यामुळे जुन्या वाचकांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. नव्यांसाठी : क्रिटेरियम म्हणजे बंद केलेल्या छोट्याशा रस्त्यावर गोल गोल फेऱ्या मारायची सायकल शर्यत. शब्द फ्रेंच. एक-दोन किलोमीटरची फेरी, बऱ्याचदा वेळेवर चालणारी : अमुक मिनिटं आणि वर अमुक फेऱ्या. शेवटच्या फेरीला घंटा वाजते. मध्येच एखाद्या फेरीला पहिला येणाऱ्याला छोटं बक्षीस असतं. टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस १९७५ पासून पॅरिसच्या शाँझेलिझेवर फेऱ्या मारत संपतो (२०२४ चा अपवाद), तो प्रकार बघितला असेल तर साधारण अंदाज येईल. 'मास्टर्स' म्हणजे आमच्यासारखे, पस्तिशी-चाळिशी ओलांडलेले, ईएमआय आणि कोलेस्टेरॉल दोन्ही असलेले लोक.

आता महाराष्ट्रात सायकल चालवणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला क्रिटेरियमचं नाव फारसं माहीत नसतं. त्याला लांबचं वेड. बीआरएम करा, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. पुण्याहून पंढरपूर, मुंबईहून गोवा. याचं कौतुकच आहे मला, मीही दोन २०० आणि एक ३०० केलीय. नाशिकच्या डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्यानं पूर्ण केली. साधारण ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत! त्यानंतर तर आपल्याकडे लांब पल्ल्याला एक तेज चढलं. आपल्या स्वभावालाही ते मानवतं. तप, वारी, नवस, सगळं त्यात बसतं. आणि मुख्य म्हणजे बीआरएममध्ये नंबर नसतो. पहिला आणि शेवटचा दोघंही 'पूर्ण केली' एवढंच म्हणतात.

क्रिटेरियममध्ये नंबर असतो. म्हणूनच मला ती आवडते, हे आधीच कबूल करतो.

माझ्या वयाच्या माणसाला आयुष्यात खरी हार कुठे मिळते सांगा? अप्रेझलला जे मिळतं ती हार नसते, ते राजकारण असतं, किंवा आपण तसं म्हणून सोडून देतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हरलो तर ते लोक मूर्ख असतात. पण शर्यतीत पुढचं चाक माझ्यापासून एक हात लांब जातं, मग दोन हात, मग एक सायकल. एकदा पुढच्याच्या मागची हवेची सावली सुटली की एकट्यानं तोच वेग ठेवायला कितीतरी जास्त ताकद लागते. हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे बारावीत शिकलो होतो. ते मांड्यांना कळायला पंचेचाळिशी उजाडली. तिथे कोणाला दोष देणार? हवेला?

तर ती शर्यत. पुण्याबाहेर, रविवारी सकाळी, १.६ किलोमीटरची फेरी, चार वळणं. चाळीस मिनिटं अधिक तीन फेऱ्या. शेवटी हिशेब केला तर अठरा फेऱ्या झाल्या, सरासरी ३७ चा वेग. अठरा गुणिले चार म्हणजे बहात्तर वळणं. प्रत्येक वळणाला वेग कमी होतो आणि बाहेर पडताना सगळे उठून दाबतात. पुढच्यांना त्याचं काही वाटत नाही. मागच्यांना मात्र रबर ताणून सोडल्यासारखं होतं; पुढचे वळण घेऊन सुटतात तेव्हा मागचे अजून ब्रेक दाबूनच असतात, मग त्यांना अंतर भरून काढायला दुप्पट दाबावं लागतं. म्हणून क्रिटेरियममध्ये मागे राहणं हीच सगळ्यात दमवणारी गोष्ट. म्हणूनच जो तो पुढे घुसतो. म्हणूनच लोक पडतात.

आमचा गट होता 'चाळीस आणि वरचे'. बावीस जण. त्यात एक जण तरुणपणी राज्याकडून खेळलेला, दोन-तीन जण दर आठवड्याला घाट मारणारे, माझ्यासारखे सात-आठ 'बरे' म्हणावेत असे, आणि बाकी हौशी. त्यातल्या एकाला मी ओळखत होतो, म्हणजे सकाळच्या राइडमध्ये बोलणं व्हायचं. आमच्याच क्षेत्रातला, दुसऱ्या कंपनीत. रोडबाइक घेऊन त्याला पाच महिने झाले होते. पाय जबरदस्त. पण घोळक्यात कधी चालवलेली नाही. स्टार्टलाइनवर मला म्हणाला, "वळणात काय करायचं असतं?" मी म्हटलं, "आतलं पेडल वर ठेव, नाहीतर जमिनीला घासेल. आणि पुढच्याच्या चाकाला चाक लावू नकोस." दोन वाक्यांत प्रशिक्षण पूर्ण.

शेवटून दुसरी फेरी, तिसरं वळण. तो माझ्यापुढे होता, आठव्या-नवव्या नंबरवर. पाय चांगले म्हणून तिथवर टिकला होता. वळणाआधी त्यानं ब्रेक जरा लवकर दाबला आणि आतल्या बाजूला जागा झाली. जागा म्हणजे किती? माझं हँडल जाईल एवढी. तिथे मी घुसलो आणि बाहेर पडताना त्याच्या पुढून रुंद गेलो. त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला लागलं. सायकलीत नियम साधा आहे : ज्याचं पुढचं चाक लागतं तो पडतो. ज्याच्या मागच्या चाकाला लागतं त्याला नुसता एक हलका झटका जाणवतो.

मला झटका जाणवला. मागून आवाज आला. कार्बन रस्त्यावर आपटल्याचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. मी मागे बघितलं नाही. घंटा वाजली, मी दाबलं, सहावा आलो.

तक्रार झाली नाही. कोणी मला बाद केलं नाही. 'शर्यतीत असं होतंच' असं चार जणांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आणि ते खोटंही नाही. हॉस्पिटलमध्ये गेलो तर तो शांतपणे पडून होता, प्लेट बसवायची ठरली होती. मला बघून पहिला प्रश्न, "तुमचा कितवा नंबर आला?"

"सहावा."

"अरे वा," तो म्हणाला. मनापासून म्हणाला हो, तेच तर!

घरी बायकोनं सरळ विचारलं, "तुझ्या जागी तो असता आणि पडला तू असतास तर?" मी तिला उत्तर दिलं की सायकलस्वारांमध्ये हे हाड सर्रास मोडतं, जोडलंही जातं, वगैरे. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

असो. गावी आलो. संध्याकाळी अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. मधली चौदा वर्षं त्यांची शाळा नऊ किलोमीटरवर होती आणि ते सायकलनं जायचे. मी इंजिनिअर माणूस, लगेच गणित केलं : रोज अठरा किलोमीटर, वर्षाला धरा २२० दिवस, चौदा वर्षं. पंचावन्न हजारांच्या वर. माझ्या स्ट्राव्हावर सात वर्षांत एक्केचाळीस हजार आहेत, आणि त्याची मी पार्टी दिली होती. अण्णांच्या सायकलीला मागे कॅरिअर, कॅरिअरला वह्यांचा गठ्ठा, चेनकव्हर, घंटी. त्यांनी आयुष्यात कोणाशी शर्यत लावली नाही. मला वाटलं, म्हणतील, "काय गरज होती रे या वयात?"

ते म्हणाले, "जोड कोणी लावली होती?"

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. ज्यांनी जत्रेतला कुस्त्यांचा फड बघितला असेल त्यांना कळलं असेल. आमच्या भागात जत्रा म्हटलं की फड आलाच. हलगी वाजते, माणसं गोल करून बसतात, आणि सुरुवात होते बारक्या पोरांपासून. रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग पैशांच्या, आणि शेवटी मोठी इनामाची. मधे कोणी पैलवान फडात चक्कर मारतो, जोड मागतो. समोरून कोणी उठतो. पण लगेच हातात हात देत नाहीत. पंच दोघांना शेजारी शेजारी उभं करतात, खांदे बघतात, मान बघतात, कोणत्या तालमीचा, किती वर्षं मेहनत करतो ते विचारतात. बरोबरीचं वाटलं तरच कुस्ती. एखादा तगडा गडी नारळाच्या कुस्तीला उतरला तर म्हातारे पंच त्याला सरळ सांगतात, ए, हो बाजूला. वय कोणी विचारत नाही. सोळा वर्षांचा तयार पोरगा असेल तर पंचविशीतल्याशी लावतात, आणि चाळीस वर्षांचा गडी नवखा असेल तर त्याला कोणाशीच लावत नाहीत.

"हरणाऱ्याचं हाड मोडू नये याची काळजी खेळणारा घेत नसतो," अण्णा म्हणाले, "त्याच्या डोक्यात तेव्हा जिंकणंच असतं. ते जोड लावणाऱ्याचं काम. तुमच्यात ते कोण करतं?"

कोणीच नाही, अण्णा. आमच्यात आधार कार्डावरची जन्मतारीख जोड लावते.

आणि इथे माझं मत मांडतो, पटलं नाही तर भांडा. आपल्याकडच्या हौशी शर्यतींत वयाचे गट करतात आणि त्याला सुरक्षितता समजतात. वयानं गट करण्यात काही अर्थ जरूर आहे. तिशीनंतर शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्के घसरते, सराव असला तर जरा सावकाश. जखम भरायला वेळ लागतो. आणि सायकलनं हृदय सुधारतं, पण हाडांवर वजन पडत नाही, त्यामुळे नुसतीच सायकल चालवणाऱ्यांची हाडं त्या मानानं मजबूत होत नाहीत. म्हणजे विशीतला पोरगा जिथे खरचटून उठतो तिथे आपण ऑपरेशन टेबलवर जातो. हे सगळं खरं. पण वळणावर आपण वयामुळे पडत नाही. पडतो ते घोळक्यात चालवायची सवय नसल्यामुळे, आणि ती सवय नसलेल्याच्या शेजारी माझ्यासारखा नंबराला हपापलेला माणूस असल्यामुळे. राज्याकडून खेळलेला आणि पाच महिन्यांचा नवखा, दोघांत समान काय? दोघंही सत्तेचाळीस वर्षांचे.

अमेरिकेत हौशी शर्यतींना कुवतीचे गट आहेत. नवखा पाचव्या गटात सुरू करतो आणि शर्यती करत, गुण मिळवत एकेक पायरी चढतो. पहिला गट व्यावसायिकांच्या शेजारचा. ब्रिटनमध्येही अशाच पायऱ्या. वयाचे गट तिथेही असतात, पण नवशिक्याला आधी नवशिक्यांत शिकायला जागा मिळते. आपल्याकडे बंगळूरूत हौशी शर्यतींची चांगली परंपरा उभी राहिली. तिथल्या सायकल वर्तुळातला नवीन जॉन, शिक्षणानं इंजिनिअर, पुढे टाइम ट्रायलचा राष्ट्रीय विजेता झाला आणि २०१६ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत उतरला. म्हणजे हौशी शर्यत नुसती टाइमपास नसते, त्यातून खरं काही निघू शकतं. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीचा केवढा दबदबा, बोरघाटात पहिला येणारा 'घाटाचा राजा'. आणि जानेवारी २०२६ मध्ये तर पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली, परदेशी संघ आले, रस्त्यावर पोरं झेंडे घेऊन उभी होती. मीही मुलीला खांद्यावर घेऊन उभा होतो. पण घाटाचा राजा आणि ग्रँड टूर हे शेवटच्या इनामाच्या कुस्तीसारखं आहे. रेवड्यांची कुस्ती कुठाय?

आयोजकांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. रस्ता बंद करायची परवानगी, पोलिस, अँब्युलन्स, बॅरिकेड, आणि एवढं करून नावं येतात साठ-सत्तर. त्यात कुवतीचे चार गट केले तर एकेका गटात पंधरा माणसं, आणि वर बक्षिसं चौपट. मी उलट म्हणतो, वयाचे गट काढा. बावन्न वर्षांच्या नवख्या बाईंना तेवीस वर्षांच्या नवख्या पोराबरोबर सोडा. दोघांचा वेग सारखा, दोघांची भीतीही सारखी. गटांची संख्या तेवढीच राहील. आणि हो, खोट्या विनम्रतेनं खालच्या गटात नाव घालून बक्षीस नेणारे निघतील, मला माहितेय. त्यांच्यासाठीच तर पंच लागतो, 'ए, हो बाजूला' म्हणणारा. ते काम सॉफ्टवेअर करू शकत नाही. (हे वाक्य मी लिहितोय याची माझ्या टीमला गंमत वाटेल.)

दुसरी एक गोष्ट इथे येऊन डोक्यात बसली. क्रिटेरियमला काय लागतं? दीड किलोमीटर बरा रस्ता, रविवारचे तीन तास, वळणांवर गवताच्या पेंढ्या आणि चार शिट्ट्या. लांबच्या शर्यतीत बघणाऱ्याला पाच सेकंदांत सगळं दिसून संपतं, इथे दर तीन मिनिटांनी सगळे परत समोरून जातात. फडासारखं गोल करून बघायची गोष्ट आहे ही! बीड, अंबाजोगाई, पाटोदा, कुठेही होईल. काल संध्याकाळी एका मोकळ्या मैदानात शाळेच्या पोरापोरींच्या फेऱ्या चालल्या होत्या. मानव विकास कार्यक्रमातून मराठवाड्यातल्या बऱ्याच तालुक्यांत मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, तसल्याच, पुढे बास्केटवाल्या. दोन दगड ठेवून वळणं केलेली. एक दहावीतली वाटावी अशी पोरगी वळणात आतलं पेडल बरोबर वर ठेवत होती. तिला कोणी सांगितलं असेल? कदाचित एकदा पडून शिकली असेल. मैदानात माती होती, त्यामुळे पडणं स्वस्त होतं.

माझ्याबद्दल. शर्यत सोडणार का, असं तिघांनी मेल करून विचारलंय. नाही सोडणार. सोडून दिली तर मी स्वतःला चांगला माणूस समजायला लागेन, आणि त्या वळणावर मी चांगला माणूस नव्हतो, एवढं मला पक्कं माहितेय. त्या जागेत घुसताना तो नवखा आहे हे मला ठाऊक होतं. 'शर्यतीत होतंच' हे वाक्य मी त्याच्यासाठी वापरू शकत नाही, कारण बावीस जणांत ते ठाऊक असलेला मी एकटाच होतो. गट चुकीचा होता हे खरंच. पण गट चुकीचा आहे हे मला स्टार्टलाइनवरच कळलं होतं आणि मी दोन वाक्यं सांगून हात झटकले. वर जे सगळं मत मांडलंय त्याच्या आड लपायचा माझा विचार नाही. (जरासा होता. चौथ्या ड्राफ्टमध्ये काढला.)

आयोजकांना मोठं पत्र लिहिलंय. उत्तर आलं, सौजन्यानं आलं : पुढच्या वेळी नवख्यांचा वेगळा गट आणि आदल्या दिवशी दोन तासांचा सराव, करून बघू म्हणतात. पण वळणावर उभी राहणारी माणसं कमी पडतात, तुम्ही येणार का? म्हणून पुढची शर्यत मी खेळत नाहीये, तिसऱ्या वळणावर उभा राहणार आहे. त्याचा परवा फोन आला होता. फिजिओथेरपी सुरू झालीय, हात खांद्यापर्यंत वर जातो. मी पुढच्या शर्यतीचं सांगितलं, तर म्हणाला, "मी पण येतो उभा राहायला. एका हातानं झेंडा धरता येतो."

उद्या पहाटे निघायचंय. अण्णांनी कपाटातून त्यांची पीटीच्या तासाची पितळी शिट्टी काढून माझ्या बॅगेत टाकलीय. आतला मणी अडकतो मधूनमधून, जोरात फुंकावी लागते म्हणाले.